कुठल्या सुक्रेचे?

माझा भाऊ ओबिदिओ खोटं बोलत नसे. काराकासमधल्या पेतारेच्या आमच्या टेकडीवर कुणी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" की तो शांतपणे सांगायचा, "सुक्रेचा." आता सुक्रे नावाचा एक प्रांत व्हेनेझुएलाच्या पूर्वेला समुद्रकाठी आहे. त्याच नावाचा दुसरा, आमचा, कोलंबियात, आणि तोही समुद्रकाठीच. दोन्हीकडची माणसं सावळी, दोन्हीकडची माणसं शब्दाचं शेपूट गिळून बोलणारी. ऐकणारा आपल्या मनाने जवळचा सुक्रे धरून चालायचा. दादा त्याला दुरुस्त करत नसे, एवढंच.

मी आमच्या सुक्रेतल्या सान ओनोफ्रेहून काराकासला आले तेव्हा दादाने मला बसस्टँडवरच बाजूला घेतलं होतं. "लेदिस, इथे कुणी विचारलं तर सुक्रे म्हणायचं आणि तोंड मिटायचं. देशाचं नाव काढायचं नाही."

"का? आपण काय चोऱ्या केल्यात?"

"नाही केल्या, म्हणूनच," तो म्हणाला आणि माझी पेटी उचलून चालायला लागला.

त्याचे कागद स्वच्छ होते. सरकारने परदेशी लोकांची नोंदणी काढली तेव्हा तो रांगेत उभा राहून रीतसर ओळखपत्र घेऊन आला होता. अडचण कागदांची नव्हती, लोकांच्या जिभेची होती. गल्लीत कुणाची दोरीवरची पँट गेली तरी 'कोलंबियावाला असणार!' त्यातून इथलं चलन, बोलिव्हार, घसरलं आणि सगळ्यांचेच हाल सुरू झाले, तेव्हा जीपच्या रांगेत, पावाच्या दुकानात उघड बोलायला लागले, "आता गावी पैसे पाठवण्यात काही राम उरला नाही ना? मग जात का नाहीत हे कालिचे?" कालिचे म्हणजे आम्ही. त्या शब्दाचा खरा अर्थ काही का असेना, उच्चार थुंकल्यासारखा व्हायचा.

दादा एका उंच इमारतीत रखवालदार होता. माझी वहिनी एनिल्दा दरीपलीकडे एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाक करायची. मी घरीच शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायचे. वहिनी चांगली उंचपुरी, आवाज असा की टेकडीच्या वरच्या नळावरून खाली घरातल्या पोरीला हाक मारली तर मधल्या सगळ्या गल्ल्यांतल्या पोरी घरी पळत. पण लोकांत ती गप्प असायची. दादाचं सुक्रे-प्रकरण तिला मुळीच पटलेलं नव्हतं. "संसारात किती ठिकाणी भांडायचं?" असं म्हणून तिने ते एक भांडण सोडून दिलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी चर्चच्या सिस्टर लोकांची शाळा होती. आमची भाची, म्हणजे दादाची मुलगी, तिथेच जायची. दरवर्षी ऑक्टोबरात शाळेच्या अंगणात जत्रा भरे. पोर्तुगीजांचं टेबल, इटालियनांचं, कॅनरी बेटांवरच्या लोकांचं, पेरूवाल्यांचं, शिवाय व्हेनेझुएलाच्या एकेका भागाचं. ज्याने त्याने आपलं खाणं करायचं, आपला झेंडा लावायचा, आणि जमतील ते पैसे शाळेला द्यायचे. टेकडीवर निम्मी घरं आमच्या माणसांची. पण कोलंबियाचं टेबल कधी लागलं नव्हतं.

आणि माझी वहिनी दरवर्षी त्या जत्रेत राबायची. कुठे? पूर्वेच्या टेबलावर! एर्सिलियाबाई जत्रेच्या कमिटीच्या प्रमुख. पायथ्याला त्यांचं बटणं, दोरे, फिती आणि कापडाचं दुकान. दादा सुक्रेचा हे त्यांच्या कानावर गेलं, आणि त्या घरी येऊन म्हणाल्या, "एनिल्दा, आमच्या पूर्वेच्या टेबलाला बाईमाणूस नाही. मुशीच्या एम्पानादा तुझ्याकडे लागल्या." एम्पानादा म्हणजे मक्याच्या पिठाच्या तिखटामिठाच्या करंज्याच. पण आत मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, भरायची ही तिकडच्या सुक्रेची रीत. वहिनीने ती जन्मात पाहिली नव्हती. दादा मागून डोळ्यांनी विनवत होता. वहिनी "बरं" म्हणाली, बाजारात एका कोळिणीला कृती विचारून आली, आणि त्या वर्षी सगळ्यात आधी तिचीच परात रिकामी झाली. एर्सिलियाबाई जो येईल त्याला सांगायच्या, "पूर्वेच्या बाईचा हात आहे हो! हे रक्तातच असावं लागतं." वहिनी हसायची. घरी आली की साबण घेऊन हात घासत बसायची, वास गेला तरी घासायची.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी जत्रेच्या आधी एर्सिलियाबाईंच्या दुकानाचं शटर कुणीतरी उचकटलं होतं. कापडाचे तागे गेले. कमिटीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती, आम्ही दोघी मागच्या बाकावर. कोण कुठलं टेबल घेणार ते ठरत होतं. मधेच कुणीतरी चोरीची चौकशी केली, आणि बाईंचा बांध फुटला.

"कोण असणार? सगळ्यांना ठाऊक आहे कोण. वर चढून जा, दर दुसऱ्या दाराआड लपलेत. पोलीस तरी काय करतील?" मग जरा हसून म्हणाल्या, "देवाची कृपा, आपल्या जत्रेत त्यांचं टेबल नाही. मांडतील तरी काय? आपल्याच खिशातलं आपल्याला विकतील!"

लोक हसले. वाईट नव्हते ते लोक. हसण्यासारखं वाक्य आलं की माणूस हसतो. पण माझ्या शेजारी वहिनीचा हलणारा पाय थांबला, आणि मला कळलं की आता काही खरं नाही. मी तिचा स्कर्ट धरला. ती उठली तसा तो माझ्या हातातून सुटला.

"सिस्टर, यंदा मी पूर्वेच्या टेबलावर नाही."

सिस्टर अमालिया आमच्या मुख्याध्यापिका, स्पेनच्या, वय झालेलं. त्यांनी चष्मा वर केला. "का गं? तब्येत बरी नाही?"

"तब्येत छान आहे. पण मी पूर्वेची नाही. मी कोलंबियाची. सान ओनोफ्रेची. मला माझ्या देशाचं टेबल पाहिजे."

एर्सिलियाबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. "पण... तुझा नवरा तर सुक्रेचा म्हणतो!"

"आहेच सुक्रेचा. आमच्याकडेही आहे सुक्रे. तुम्ही कधी विचारलं नाही कुठला, आणि आम्ही कधी सांगितलं नाही. आमची चूक मी आज निस्तरते. आणि बाई, तुमच्या दुकानाची मागची भिंत कुणी बांधली आठवतंय? मागच्या वर्षी पावसात टिकली ती. माझ्या चुलतभावाने बांधली. शटर बसवणारा दुसरा होता."

आता हसू फुटलं ते वेगळ्या बाजूने. सिस्टरांनी हात वर केला. "टेबल आहे एनिल्दा. पण चांगल्या जागा गेल्या. पाण्याच्या टाकीपाशी तेवढी राहिलीय."

"चालेल. पाणी जवळ बरंच पडेल," वहिनी म्हणाली आणि खाली बसली. मी तिचा हात माझ्या मांडीवर धरून ठेवला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दादा दारातच उभा.

"काय केलंस तू हे, एनिल्दा? काय गरज होती? सगळं नीट चाललं होतं!"

"तुझं चाललं होतं. मी मुशी साफ करत होते."

"उद्या इमारतीत कळलं तर? एखाद्या फ्लॅटमधलं काही हरवलं तर पहिला मी!"

"काल हरवलं असतं तर? तेव्हाही रखवालदारच पहिला, ओबिदिओ. मग निदान स्वतःच्या नावाने शिव्या खा."

"आणि डॉमिनोच्या टेबलावर माझं काय होईल? गोयो मला जन्मभर सोडणार नाही." गोयो म्हणजे नळ-दुरुस्तीवाला. अस्सल इथला माणूस, दादाचा जिवलग, पण जिभेला हाड नाही.

"हां! म्हणजे खरी भीती नोकरीची नाही, गोयोची आहे," वहिनी म्हणाली.

दादा जेवलाच नाही. "त्या दिवशी मी तिथे फिरकणार नाही," एवढं बोलून तो बाहेर जाऊन बसला.

टेबल मिळालं, आता माणसं हवी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी आणि मी आपल्या लोकांच्या घरोघर निघालो. म्हटलं, आता दारं उघडतील. कसलं काय! सोरायदा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, माहेर कुकुताचं, सीमेच्या पलीकडे, कोलंबियाच्या हद्दीत. ती दारात उभी राहून म्हणाली, "मी? मी तर सान क्रिस्तोबालची." सान क्रिस्तोबाल म्हणजे सीमेच्या अलीकडे, यांच्या हद्दीत.

"सोरायदा, तुझ्या आईच्या मातीला मी तुझ्याबरोबर कुकुताला आले होते," वहिनी म्हणाली.

"आली होतीस ना? मग आता हळू बोल."

जीपवाला नेमेसिओ आमच्याच किनाऱ्यावरच्या लोरिकाचा. जीपच्या आरशाला आमच्या कार्मेनमातेची तसबीर लटकवून टेकडी चढतो उतरतो. त्याने तर गाडीखालून डोकंही बाहेर काढलं नाही. "वहिनी, मी धंदेवाला माणूस. सगळ्या देशांची ढुंगणं माझ्या सीटवर बसतात. मला देश नाही." तिसऱ्या घरी बाई घरात नाही असं बाईनेच आतून सांगितलं.

परत येताना वहिनी हसत होती. मला रडू येत होतं. "हसतेस काय?"

"अगं, बघ ना, एवढ्या माणसांना एवढी मेहनत करून कुठलंच नसायचं आहे!"

झेंड्याचं कापड आणायला मी गेले. आमच्या टेकडीला कापडाचं दुकान एकच, एर्सिलियाबाईंचं. मी पिवळा, निळा, लाल मागितला. रंग तेच, त्यांच्या झेंड्याचे आणि आमच्या झेंड्याचे. बाईंनी कात्री हातात घेतली आणि सवयीने विचारलं, "चांदण्यांसाठी पांढरं?"

"चांदण्या नकोत. पिवळं दुप्पट द्या." आमच्या झेंड्यात चांदण्या नाहीत, पिवळा पट्टा दुप्पट रुंद.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी कापड मोजलं, आणि मला नीट आठवतंय, हात राखून मोजलं नाही. कापड कापताना फक्त एवढं म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझ्या वहिनीला उद्देशून बोलले नव्हते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर लागलं."

जत्रेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, वहिनी कोनफळं सोलायला बसली. मोते करायचं होतं. कोनफळ शिजवून, घोटून, त्यात खारं चीज, वर लसूण-कांद्याची फोडणी आणि लिंबू. आमच्या किनाऱ्यावर घरात मोते शिजलं की वाटेवरचा माणूस आत येतो. चीज कमी होतं, मोठं पातेलं नव्हतं. दार वाजलं. सोरायदाची सासू, डोक्यावरून पदरासारखी शाल ओढून, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला चीजचा हा एवढा गोळा. "गावाकडून आलंय. कुणाकडून ते सांगू नकोस." ती गेली. मग मागच्या खिडकीपाशी वरच्या घरातून दोरीने एक पातेलं खाली उतरलं, बाळाला न्हाऊ घालता येईल एवढं. वरून आवाज, "एनिल्दा, बुडाला माझं नाव कोरलंय, ते भिंतीकडे ठेव!" दुपारपर्यंत दारात मक्याच्या पिठाची पोती, अंडी, लिंबं, केळीची पानं. पानं एवढी आली की आमचा जिना दिसेना. नेमेसिओच्या जीपमधून कोनफळाचं आणखी एक पोतं उतरलं. तो स्वतः आत आला नाही, हॉर्न तेवढा वाजवला.

"ताकाला येतात आणि भांडं लपवतात," मी म्हटलं.

"लपवू देत," वहिनी डोळे पुसत म्हणाली. कांदा चिरत होती ती, असं आपण धरून चालू. "भांडी तर आली ना?"

दादा हे सगळं बघत होता. फक्त एकदा पातेल्याजवळ आला, वास घेतला, आणि परत बाहेर गेला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली आणि जत्रा सुरू झाली. टाकीपाशी आमचं टेबल, केळीच्या पानांनी झाकलेलं, मागे माझा झेंडा. मी शिवलाय म्हणून सांगत नाही, पण अंगणात एवढा सरळ टाचलेला दुसरा झेंडा नव्हता. वहिनीने पांढरा झगा घातला होता, केसात लाल फूल. टेबलामागे आम्ही दोघीच. दादा रामप्रहरी उठून कुठेतरी निघून गेला होता.

लोक यायचे, झेंड्याकडे बघायचे, आणि इटालियनांकडे वळायचे. आमच्याकडची माणसंही येत होती, पण ती तर आणखी लांबून जायची. सोरायदा पेरूवाल्यांच्या टेबलापाशी उभी राहून आमच्याकडे न बघण्याचे इतके कष्ट घेत होती की तिची मान अवघडली असेल. पूर्वेच्या टेबलावर नवीन बाई मुशीच्या एम्पानादा तळत होती. त्या तेलात फुटत होत्या. वहिनीला राहवेना. "पीठ सैल आहे गं तिचं, जाऊन सांगू का?"

"गप्प उभी राहा," मी म्हटलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पोर्तुगीज बेकरीवाला आबिलियो. पहाटेपासून भट्टीपाशी उभा, भुकेला. "काय आहे?"

"अंड्याची अरेपा."

"अरेपा? ती मक्याची भाकरी तर इथल्यांची."

मागून कुणीतरी ओरडलंच, "ऐका! आता अरेपापण चोरली यांनी!"

वहिनीने वळूनही पाहिलं नाही. "आबिलियो, बघत राहा." मक्याच्या पिठाची पुरी तिने तेलात सोडली. ती टम्म फुगली. बाहेर काढून कडेला चीर दिली, आत कच्चं अंडं फोडून सोडलं, चिरेला ओलं पीठ लावून तोंड बंद केलं, आणि पुन्हा तेलात. एक थेंब सांडला नाही. आबिलियो पिठातला माणूस, त्याचे डोळे विस्फारले. त्याने चावा घेतला तसा बलक त्याच्या हनुवटीवरून शर्टावर. तो पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला. ते जरा चावटच असावं, कारण त्याच्या बायकोने त्याला कोपरखळी मारली. मग तिनेही एक मागितली.

त्यांच्यामागे चार लोक आले, मग आणखी. अरेपा खपायला लागली. पण मोत्याच्या पातेल्याकडे कुणी बघेना. दिसायला ते आहेच साधं, पांढरं, दाट. आणि तेवढ्यात डॉमिनोची अख्खी टोळी आली. पुढे गोयो, हातात बिअर, मागे त्याचे दोस्त. आणि सगळ्यात मागे, दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखा, माझा दादा.

"अरे, ही तर ओबिदिओची बायको!" गोयो म्हणाला. "वहिनी, तुम्ही कोलंबियाच्या असं ऐकलं ते खरंच म्हणायचं? बरं, द्या काय आहे ते. शेजारधर्म आहे." त्याने मोत्याची वाटी घेतली, चमच्याने ढवळली, एक घास खाल्ला आणि दोस्तांकडे वळून म्हणाला, "भिंतीला कागद चिकटवायची खळ अशीच करते माझी बायको. फक्त चीज घालत नाही."

सगळे खदखदून हसले. वहिनीने झारा उचलला, पण ती काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

"खळ?"

दादा पुढे येत होता. माणसं आपोआप बाजूला झाली. "खळ म्हणालास तू? गोयो, लेका, तुझ्या जिभेला नळाचं पाणी पिऊन गंज चढलाय! हे सान ओनोफ्रेचं मोते आहे. माझी आई चुलीवर करायची. ते खाऊन माझा बाप दिवसभर होडी वल्हवायचा, आणि आम्ही अकरा भावंडं वाटी चाटून ठेवायचो, धुवायला लागत नसे! लिंबू कुठाय? लिंबाशिवाय दिलंस होय याला, एनिल्दा? म्हणूनच!" त्याने लिंबू उचललं, गोयोच्या वाटीत पिळलं, आणि दरडावला, "आता खा."

गोयोने खाल्लं. मग त्याची मान हळूहळू वर आली. "थांब. तुझी आई? तुझी आई तर सुक्रेची."

"हो."

"कुठल्या सुक्रेची?"

मी दादाकडे बघत होते. त्याने टोपी काढली आणि झेंड्याकडे हात केला. "त्या. कोलंबियाच्या. मी कधी खोटं बोललो नाही, गोयो. तू कधी विचारलं नाहीस."

गोयोने बिअर टेबलावर ठेवली. सावकाश ठेवली. मला वाटलं आता हातघाईवर येणार. पण तो डोकं खाजवत म्हणाला, "साल्या, आपण पेतारेत राहतो. पेतारे कुठल्या जिल्ह्यात? सुक्रे जिल्ह्यात! मग मी कुठला? मीपण सुक्रेचा!" आणि असा हसला की त्याचे गालच डोळ्यांवर आले. "वाढा वहिनी, आणखी एक वाटी. आणि लिंबू सढळ हाताने!"

सगळेच हसले असं मात्र नाही. टोळीतला एकजण थुंकून निघून गेला. तो दादाशी पुन्हा कधी डॉमिनो खेळला नाही. आम्हीही त्याला कधी बोलावलं नाही.

पण त्या हसण्याने काहीतरी सुटलं. फाटकाबाहेर नेमेसिओची जीप उभी होती. तो गाडी तशीच सोडून आत आला, सरळ टेबलामागे गेला आणि आमच्या किनाऱ्याच्या खणखणीत बोलीत, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "या हो या! लोरिकाचा माणूस वाढतोय, पोट भरलं नाही तर जीप फुकट!" मग एकेकजण यायला लागलं. कुणी पेरूवाल्यांच्या टेबलामागून, कुणी कॅनरीवाल्याशी लग्न केलेली, ती तर नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. पातेलेवाली वरची बाई आली, पातेलं फिरवून नाव लोकांकडे केलं. मला माहीत नसलेली माणसं आली. शाळेचा माळी आमच्या माग्दालेना नदीकाठचा निघाला. सोरायदा सगळ्यात शेवटी आली, आणि तीही भांडतच. "कुकुतावाल्यांचं काहीच नाही का टेबलावर? सगळं किनाऱ्याचंच? हा अन्याय आहे!"

"सान क्रिस्तोबालच्या बाईला काय पडलंय?" वहिनीने विचारलं.

"एनिल्दा, तोंड बंद कर आणि मला झारा दे."

संध्याकाळच्या आत पातेलं खरवडून झालं. आमच्या टेबलामागे इतकी माणसं झाली होती की पुढे यायला गिऱ्हाइकांना जागा नव्हती. सिस्टर अमालिया आल्या, सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "एवढे सगळे तुम्ही इथेच होता?"

"इथेच होतो, सिस्टर," दादा म्हणाला. "मी गवंडीकाम करायचो तेव्हा तुमची टाकी मीच बांधली."

एर्सिलियाबाई लांबून बघत होत्या. माफी त्यांनी कधी मागितली नाही. चोर पुढे सापडला, तो कुठला होता हे मी सांगत नाही. वहिनीने मला ते सांगायला बंदी केली आहे. ती म्हणते, चोराला गाव नसतं. पुढच्या वर्षी कमिटीने आम्हाला फाटकासमोरची जागा दिली. तिसऱ्या वर्षी वहिनी कमिटीवर गेली आणि पहिल्याच बैठकीत तिने पूर्वेच्या टेबलावरच्या बाईला एम्पानादाचं पीठ कसं मळायचं ते शिकवलं. दादाच्या इमारतीत काही झालं नाही. उलट सातव्या मजल्यावरच्या एका बाईंनी गुपचूप विचारलं, मोते कधी करता? त्यांचं आजोळ आमच्या कोलंबियातल्या मोंतेरियाचं होतं.

जत्रेनंतरच्या सोमवारी सकाळी मी शिवलेले गणवेश द्यायला नेमेसिओच्या जीपने खाली निघाले. जीप नेहमीसारखी खच्चून भरलेली, कामाला निघालेल्या बायका एकमेकींच्या मांडीवर. पुढच्या सीटवरून एक बाई मागच्या सीटवरच्या बाईला आमच्या बोलीत ओरडून विचारत होती, काल मिरची कुणी जास्त घातली म्हणून. मागची तिला आमच्याच बोलीत शिव्या घालत होती. दोघींच्या मध्ये बसलेला इथला एक म्हातारा कानावर हात ठेवून म्हणाला, "बायांनो, जरा हळू!"

नेमेसिओने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. "काका, सवय करा," तो म्हणाला. "आम्ही असेच बोलतो."